दोन माणसं, तीन तुकडे: मुंकच्या पद्धतीने एकटेपणाचं वुडकट कसं करावं

समुद्रकिनारी एक पुरुष आणि एक स्त्री आपल्याकडे पाठ करून उभे आहेत. तिचे कपडे फिके, केस मोकळे. त्याचे कपडे गडद. दोघंही पाण्याकडे पाहतायत. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंकने 1899 साली केलेल्या या वुडकटचं, म्हणजे लाकडी फळी कोरून तिच्यावरून कागदावर घेतलेल्या छापेचं, नाव आहे ‘दोन माणसं. एकाकी’. दोघांपैकी एकाचाही चेहरा दिसत नाही. उदास डोळे नाहीत, खाली घातलेली मान नाही. तरीही ही दोघं शेजारी उभी असूनही एकमेकांपासून फार लांब आहेत, हे पाहणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही.

हे कसं साधलं याचं उत्तर चित्राच्या विषयापेक्षा ते छापण्याच्या रीतीत आहे. मुंकने लाकडाची फळी करवतीने कापून तिचे तीन तुकडे केले. समुद्र हा एक तुकडा. किनारा आणि त्यावरचा पुरुष मिळून दुसरा. स्त्री हा तिसरा, सुटा. प्रत्येक तुकड्याला वेगळी शाई लावायची, तिन्ही पुन्हा जुळवून ठेवायचे आणि एकाच दाबात कागदावर छाप घ्यायची. पुरुष ज्या जमिनीवर उभा आहे तिच्याशी लाकडातच जोडलेला राहतो. स्त्रीभोवती मात्र करवत गेलेल्या वाटेची पांढरी रेघ उमटते. ती रेघ कुणी काढलेली नाही. तिथे लाकूडच उरलेलं नाही.

हे सगळं घरी, प्रेसशिवाय, एका टेबलावर करता येतं. कसं करायचं ते पुढे सविस्तर सांगतो.

आधी थोडं पाहून घ्या

1886 साली पॅरिसमध्ये कवी ज्याँ मोरेआसने प्रतीकवादाचा जाहीरनामा छापला. डोळ्यांना दिसणाऱ्या जगाची नक्कल करण्यापेक्षा मनातल्या गोष्टी सूचकतेने मांडाव्यात, हा त्या चळवळीचा गाभा. चित्रकार मात्र त्याआधीच त्या वाटेने निघाले होते. ओदिलाँ रदाँचा ‘स्वप्नात’ हा दहा लिथोग्राफांचा, म्हणजे दगडावर काढलेल्या चित्रांच्या छापांचा, संच 1879 चा. मॅक्स क्लिंगरने 1881 मध्ये एका हरवलेल्या हातमोज्याभोवती दहा एचिंगची, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून घेतलेल्या छापांची, स्वप्नमालिका रचली. स्वप्नाकडे वळलेले इतके कलावंत छापचित्राकडे आले याला कारण आहे. मोठं तैलचित्र दिवाणखान्यात चारचौघांनी मिळून पाहायचं. छाप हातात धरून, दिव्याजवळ नेऊन एकट्याने पाहता येते.

मुंकने हा विषय अनेकदा हाताळला. 1892 चं मूळ रंगीत चित्र 1901 मध्ये जहाजावरच्या स्फोटात नष्ट झालं. 1894 मध्ये त्याने ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडून, हेच दृश्य केलं. 1896 मध्ये पॅरिसमध्ये तो वुडकट करू लागला. पॉल गोगँने 1893-94 मध्ये केलेली खडबडीत वुडकट्स तेव्हा तिथल्या कलावर्तुळात ताजी होती. मग 1899 मध्ये हा तीन तुकड्यांचा ब्लॉक, म्हणजे छापायची कोरलेली फळी, तयार झाला, आणि त्यावरून तो पुढे कित्येक वर्षं छापत राहिला, दर वेळी वेगळ्या रंगात.

ऑस्लोच्या मुंक संग्रहालयाच्या संकेतस्थळावर या ब्लॉकच्या वेगवेगळ्या छापा पाहायला मिळतात. काम सुरू करण्यापूर्वी त्यातल्या दोन-तीन शेजारी शेजारी ठेवून निवांत पाहा. रंग बदलला की दोघांमधलं नातं कसं बदलतं, एवढंच टिपा. किनारा गडद असला की पुरुष त्यात विरघळतो. किनारा फिका असला की तो एकदम उघडा पडतो.

करवतच का?

रंगीत वुडकट करण्याची जपानी रीत वेगळी आहे. तिथे प्रत्येक रंगाला स्वतंत्र ब्लॉक असतो आणि एकाच कागदावर एकामागून एक छापे घेतात. त्यात एक रंग दुसऱ्यावर चढू शकतो, कडेला मिसळू शकतो. कापलेल्या ब्लॉकमध्ये ते शक्यच नाही. तुकडे कितीही घट्ट बसवले तरी पात्याच्या जाडीएवढी फट उरते, आणि एका तुकड्याची शाई शेजारच्या तुकड्याच्या जागेत जाऊ शकत नाही. दोन रंग कायम शेजारी राहतात, कधी भेटत नाहीत. एकटेपणाच्या विषयाला याहून चपखल तंत्र मला माहीत नाही. म्हणून या कामात सगळ्यात जास्त विचार करवत कुठून न्यायची यावर करायचा. कोरणं त्यानंतरचं.

चित्र ठरवणं

मुंकच्या चित्राची नक्कल करू नका. त्याची रचना घ्या आणि जागा तुमची ठेवा. गच्चीचा कठडा, एसटी स्टँडवरचा बाक, दवाखान्याचा लांब कॉरिडॉर, धरणाची भिंत, काहीही चालेल. अटी तीनच: मागे एक मोठा मोकळा भाग हवा, खाली उभं राहायला जमीन हवी, आणि माणसांची पाठ आपल्याकडे हवी. पाठ महत्त्वाची आहे. चेहरा दिसला की पाहणारा भाव वाचायला लागतो. चेहरा नसला की तो माणसांमधलं अंतर पाहतो.

आकार अगदी साधे ठेवा. बोटं, चप्पल, पर्सचे बंद यांच्या नादी लागू नका. माणसाची बाह्यरेषा करवतीने एका दमात कापता आली पाहिजे. मान आणि मनगटं बारीक झाली तर प्लायवूड तिथेच मोडतं, म्हणून मोकळे केस, ओढणी, शाल, लांब कोट असे सलग आकार बरे.

आता एक निर्णय घ्यायचा आहे. कोणाला जमिनीशी जोडलेलं ठेवायचं आणि कोणाला सुटं करायचं? दोघांनाही जोडलेलं ठेवलं तर दोघं त्या जागेची होतात आणि चित्र शांत पण सैल होतं. दोघांनाही सुटं केलं तर समतोल येतो, आणि समतोलाने या चित्राची धार जाते. एक जोडलेलं, एक सुटं, हेच मुंकचं खरं शहाणपण आहे. त्या दोघांचं एकटेपण सारखं नाही. एक जागेत रुतलेला आहे, दुसरी कुठल्याच जागेची नाही.

हे तपासायला रंगीत घोटीव कागदाचे तीन तुकडे कापा आणि पांढऱ्या कागदावर केसाएवढी फट ठेवून मांडा. कोण सुटं हवं ते पाच मिनिटांत कळतं. पहिल्यांदा करताना चित्र 30 बाय 20 सेंटिमीटरपेक्षा मोठं नको. मुंकचा ब्लॉक साधारण 40 बाय 55 सेंटिमीटरचा आहे, पण तो आकार हाताने घासून छापायचा म्हणजे खांदे भरून येतात.

लाकूड

4 मिलिमीटरचं साधं प्लायवूड घ्या. याहून जाड घेतलं तर हातकरवतीने वळणं घेणं अवघड जातं. दुकानात फळी तिरपी धरून उजेडात पाहा आणि जिच्या लाकडी रेषा ठळक आहेत ती निवडा. सागाचं डेकोरेटिव्ह प्लाय दिसायला फार सुंदर असतं, पण त्याचा वरचा सागाचा थर इतका पातळ असतो की हत्यार टेकताच खालचं लाकूड लागतं. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, कोरायला सोपं असलं तरी त्याला रेषाच नाहीत, म्हणून इथे ते निरुपयोगी आहे.

लाकडाच्या रेषा म्हणजे या चित्रातली फुकट मिळालेली हवा. मुंक त्यांच्याकडे लाकडाचा दोष म्हणून पाहत नव्हता. ‘चुंबन’ या वुडकटच्या 1902 च्या आवृत्तीत त्याने नुसत्या लाकडी रेषांची वेगळी फळी छापून सगळं चित्र त्यात बुडवलं आहे. रेषा आडव्या ठेवल्या की समुद्र किंवा आकाश स्थिर वाटतं. उभ्या ठेवल्या की सगळीकडून पाऊस कोसळत असल्यासारखं होतं. चित्र ट्रेस करण्याआधी फळीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, म्हणजे रेषा कशा वाहतात ते दिसेल. मग एखादी गाठ माणसाच्या डोक्यामागे चंद्रासारखी येईल अशी फळी सरकवून पाहा.

रेषा आणखी उठाव्यात म्हणून फळी ओल्या फडक्याने पुसून तारेच्या ब्रशने रेषांच्याच दिशेने घासा. मऊ भाग झिजतो, कडक रेषा वर राहतात. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरचा एकच हलका हात फिरवा.

चित्र ट्रेसिंग पेपरवर काढा, कागद उलटा करा आणि कार्बनने फळीवर उतरवा. छाप उलटी येते, त्यामुळे हे विसरलं तर डावीकडचा माणूस उजवीकडे जाईल. उतरवून झाल्यावर फळीवर पाण्यात पातळ केलेली काळी शाई फासा. कोरलेला भाग मग पांढरा उठून दिसतो आणि काम कुठवर आलंय ते कळतं.

करवतीचे दोन प्रवास

फ्रेट सॉ घ्या. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला वापरायचो तीच कमानीची बारीक करवत. पात्याचे दात खाली, मुठीकडे हवेत. पातं इतकं ताणलेलं हवं की बोटाने छेडलं तर टणकन वाजावं. टेबलाच्या कडेला इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडलेली एक पट्टी क्लॅम्पने बसवा आणि त्या खाचेवर काम करा. पात्यावर अधूनमधून मेणबत्ती घासा.

तीन तुकड्यांसाठी भोक पाडायची गरज नाही. दोन काप पुरतात, फक्त त्यांचा क्रम नीट समजून घ्या.

पहिला काप फळीच्या एका कडेपासून सुरू होतो. किनाऱ्याच्या रेषेने आत जा. पहिला माणूस आला की रेषा सोडून त्याच्या अंगावरून वर चढा, डोक्याला वळसा घाला, दुसऱ्या बाजूने उतरून पुन्हा किनाऱ्याच्या रेषेवर या. पुढे चला, दुसऱ्या माणसालाही तसाच वळसा घाला आणि फळीच्या समोरच्या कडेतून बाहेर पडा. वरचा समुद्र सुटा झाला. आता खालच्या तुकड्यावर किनारा आहे आणि त्यातून दोन माणसं वर डोकावतायत.

दुसरा काप फक्त एकाच माणसाचा. जिला सुटं करायचं आहे तिच्या कमरेजवळ, जिथे तिची बाह्यरेषा किनाऱ्याच्या रेषेला मिळते, तिथून पातं आत घाला. घागऱ्याच्या किंवा कोटाच्या कडेने खाली उतरा, पायांखालून वळा आणि दुसऱ्या बाजूने वर येऊन बाहेर पडा. ती मोकळी झाली. दुसरा माणूस किनाऱ्यातच राहिला.

कापताना पातं सरळ उभं ठेवा, एका जागी वरखाली चालवा आणि वळण घेताना करवतीऐवजी लाकूड फिरवा. पातं तिरपं झालं तर तुकड्याची कड उतरती होते आणि जुळवताना तो दुसऱ्यावर चढतो. घाई करून पातं पुढे ढकललं तर ते तुटतं. चार-पाच जादा पाती जवळ ठेवाच. जाड पात्याने फट रुंद येते, बारीक पात्याने केसाएवढी. मला बारीक फट आवडते. रुंद फटीने चित्राला जाड पांढरी चौकट बसल्यासारखी होते आणि ताण जातो.

कडा पॉलिश पेपरने फक्त कुसं जाण्यापुरत्या घासा. प्रत्येक तुकड्याच्या मागे क्रमांक आणि वरची बाजू दाखवणारा बाण काढून ठेवा.

कोरणं, तेही कमीत कमी

तुकडे एका पाट्यावर दुहेरी टेपने चिकटवून कोरा, म्हणजे सरकत नाहीत. एक गोल तोंडाची आणि एक व्ही तोंडाची पटाशी पुरे. दुसरा हात नेहमी धारेच्या मागे ठेवायचा, कधीही समोर नाही. वुडकट करणाऱ्यांच्या डाव्या हातावरच्या बहुतेक खुणा याच एका चुकीच्या असतात.

समुद्रात चार-सहा लांब आडवे काप पुरतात, तेही लाकडी रेषांच्या दिशेने. तिच्या केसांना व्ही पटाशीने मोजक्या रेघा. पुरुष जवळजवळ कोरा ठेवा, कारण तो जितका सलग गडद तितका जड. हात शिवशिवतात, मान्य आहे. पण कोरलेली प्रत्येक रेघ पाहणाऱ्याची नजर स्वतःकडे खेचते, आणि इथे नजर फटीकडे जायला हवी. एक छाप काढून पाहिल्यावर वाटलं तर आणखी कोरता येतं. कोरलेलं लाकूड परत येत नाही.

शाई

तेलाची शाई वापरा. कला महाविद्यालयांतून वुडकटसाठी सर्रास वापरली जाते ती ऑफसेट छपाईची डब्यातली शाई उत्तम चालते आणि छपाईचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळते. फार घट्ट वाटली तर जवसाच्या तेलाचे दोन थेंब घाला, फार पातळ वाटली तर थोडी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड. पाण्याच्या शाईने उन्हाळ्यात कागद ठेवेपर्यंत ब्लॉक सुकून जातो.

रंग डब्यातून आला तसा वापरू नका. समुद्रासाठी निळ्यात थोडा काळा आणि हिरव्याचा स्पर्श, सोबत भरपूर पारदर्शक माध्यम (शाईत मिसळायची बिनरंगी शाई), म्हणजे लाकडी रेषा दबणार नाहीत. किनारा आणि पुरुषासाठी तपकिरी-काळा. तिच्यासाठी पांढऱ्यात किंचित पिवळा आणि लाल. तिन्ही रंगांत समुद्राच्या निळ्याचा कणभर अंश घाला. त्यामुळे तिघं वेगळी असली तरी एकाच संध्याकाळची वाटतात.

तीन गुळगुळीत टाइल्स, तीन रंग, तीन रोलर. रोलर एकच असेल तर फिक्या रंगापासून सुरुवात करून गडदाकडे जा. शाई टाइलवर पातळ पसरा. रोलर फिरताना बारीक चरचर आवाज यायला हवा. चपचप आवाज आला तर शाई जास्त झाली. एकदाच जाड थर देण्यापेक्षा पातळ थर तीनदा द्या.

प्रत्येक तुकड्याला शाई लावून झाली की बोटाला फडकं गुंडाळून त्याची बाजूची कड सगळीकडून पुसा. रोलर कडेवरून घसरतो आणि थोडी शाई बाजूला उतरते. ती तशीच राहिली तर कागद दाबल्यावर फटीत मळकट डाग उमटतो, आणि ज्या पांढऱ्या रेघेसाठी हा सगळा खटाटोप केला तीच जाते. हे काम कंटाळवाणं आहे आणि दर छापेला करावं लागतं. टाळू नका.

जुळवणं आणि छाप

एका मोठ्या पाटीवर पुठ्ठ्याच्या किंवा पातळ प्लायच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवा. त्या ब्लॉकपेक्षा पातळ हव्यात, नाहीतर कागद त्यांवर उचलला जातो. आधी किनारा कोपऱ्यात बसवा, मग ती, शेवटी समुद्र. तुकडे घट्ट ढकलू नका. ढकलले की एका बाजूची फट बंद होते आणि दुसरीकडे दुप्पट उघडते. तिच्या तुकड्याखाली दुहेरी टेपचा छोटा तुकडा असला की ती जागची हलत नाही. आणि मुद्दाम हलवायची असेल तर? तिला पुरुषापासून केसभर लांब सरकवून एक छाप घ्या, केसभर जवळ आणून दुसरी. दोन्हींमधला फरक बघाच.

कागद पातळ आणि चिवट हवा. नेपाळी हातकागद हाताने घासायला सगळ्यात सोपा. सुती हातकागद देखणा, पण जाड असल्यामुळे त्याला प्रेस लागतो. पाटीवर कागदाच्या दोन कोपऱ्यांसाठी खुणा करून ठेवा. कागद दोन्ही हातांनी धरून आधी एक कड खुणांना टेकवा आणि बाकीचा हळूहळू सोडा. एकदा टेकला की सरकवायचा नाही.

वर बटर पेपर ठेवून चमच्याच्या पाठीने घासा. लाकडी डाव असेल तर तो अधिक चांगला, कागद तापत नाही. मधून सुरुवात करून कडांकडे जा. माणसांवर आणि किनाऱ्यावर जोर द्या, समुद्रावर हात हलका ठेवा, म्हणजे फक्त उठलेल्या लाकडी रेषा उमटतील. एका हाताने कागद दाबून धरून दुसऱ्याने एक कोपरा उचलून पाहा. कमी असेल तिथे पुन्हा घासा. पहिल्या एक-दोन छापा फिक्याच येतात. कोरडं लाकूड आधी शाई पितं, त्यानंतर ब्लॉक लागतो.

एकाच ब्लॉकची अनेक हवामानं

हुबेहूब दहा प्रती काढण्यापेक्षा पाच वेगळ्या काढा. मुंकच्या छापा पाहिल्यावर हे आपसूकच पटतं. एकदा समुद्राला वरून खाली गडद होत जाणारा निळा द्या: टाइलवर दोन रंग शेजारी ठेवून रोलर एकाच दिशेने फिरवला की ते मधे मिसळतात. एकदा तिघांनाही जवळजवळ एकच राखाडी द्या. रंगाचा आधार गेला की फक्त फट बोलते, आणि माझ्या मते ती छाप संचातली सगळ्यात कठोर असते.

चंद्र हवा असेल तर तोही मुंकच्याच रीतीने आणता येतो. त्याने नंतरच्या काही छापांमध्ये कागदी स्टेन्सिलने चंद्र आणि पाण्यातला त्याचा खांब घातला. पातळ कार्डशीटमध्ये वर गोल आणि त्याखाली लांबट खांब असं भोक कापा. छाप पूर्ण वाळल्यावर कार्ड तिच्यावर ठेवा आणि अगदी कोरड्या रोलरने फिका पिवळा फिरवा. खांबाची जागा नीट ठरवा. तो दोघांच्या मधोमध आला तर त्यांच्यामध्ये भिंत उभी राहते. एकाच्या बाजूला सरकला तर दुसरा आणखी अंधारात जातो.

छापा दोरीवर चिमट्यांनी टांगून वाळवा. उन्हाळ्यात दोन-चार दिवस, पावसाळ्यात आठवडाही लागतो, आणि ओलसर खोलीत एकमेकींवर ठेवल्या तर चिकटतात. वाळल्यावर पेन्सिलने डावीकडे क्रमांक, मधे नाव, उजवीकडे सही करा. रंग बदललेल्या छापांना एकाच आवृत्तीचे क्रमांक देऊ नका. रंगांची नोंद मागे पेन्सिलने करा, पुढच्या वेळी तीच उपयोगी पडते.

तुकडे आधी साध्या खाद्यतेलाने आणि मग किंचित रॉकेलने पुसा. पाण्याने धुऊ नका, प्लाय फुगतं आणि फटी बदलतात. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चोळामोळा करून डब्यात टाकायची नाहीत. ती आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात, म्हणून मोकळ्यावर पसरून वाळवा आणि मगच टाका. तीनही तुकडे जुळवून, पाठीला एक सपाट पुठ्ठा लावून सुतळीने बांधा आणि भिंतीपासून जरा लांब, आडवे ठेवा. उभे ठेवले तर पातळ प्लाय वाकतं. चांगल्या रीतीने ठेवलेला ब्लॉक दहा वर्षांनीही छापता येतो, फक्त त्याआधी कडांवर पॉलिश पेपरचा एक हलका हात फिरवून तुकडे एकमेकांत नीट बसतात का ते पाहून घ्या.